साताऱ्याला गेलात, तर बोटीत बसायचे का?

साताऱ्याची खेप म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने कामाची खेप. जमिनीच्या मोजणीचे प्रकरण, कोर्टाची तारीख, मुलीचा कॉलेजातला प्रवेश, नाहीतर म्हाताऱ्या आईचे डोळे दाखवायचे असतात. काम दुपारपर्यंत उरकते, किंवा साहेब रजेवर आहेत म्हणून उद्यावर जाते. मग बरोबर आलेली पोरे विचारतात, "आता कुठं जायचं?" अजिंक्यतारा तर समोरच दिसत असतो. पण हल्ली पोरांना किल्ला नको, बोट हवी. शेजारच्या कुणीतरी मोबाईलवर फोटो दाखवलेला असतो. निळे पाणी, मागे डोंगर आणि अंगात नारिंगी जाकीट. कारभारीण म्हणते, "एवढं आलोच आहोत तर जाऊन येऊ." कारभारी मात्र मनातल्या मनात खिशाचा हिशेब मांडू लागतो.

तो हिशेब कसा मांडावा, एवढ्याचसाठी हे लिहितो आहे. कृषी खात्याच्या नोकरीत माझी बरीच वर्षे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेली. शेतकऱ्यांच्या अभ्यास सहली घेऊन महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपासून हरिपूरच्या हळदीपर्यंत किती वेळा हिंडलो, त्याची गणती नाही. प्रत्येक सहलीत कुणीतरी विचारायचेच, "साहेब, बोटीचं काय?"

पहिली गोष्ट, बोट म्हणजे साताऱ्याहून बाहेर जाणे आले. एस.टी. स्टँडवरून उतरून तासाभरात बसून यावे, अशी ती वस्तू नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आहे. वाईच्या पुढे धोमच्या जलाशयावर बोटी चालतात. आणि खरे मोठे पाणी म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ज्याला शिवसागर म्हणतात. त्याच्या काठी बामणोली आणि तापोळा ही दोन ठिकाणे आहेत.

वेण्णा तलावाचे आधी उरकून टाकतो. साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली तो बांधून घेतला. तळे मोठे नाही, काठाने झाडी आहे, वल्ह्याच्या आणि पायाने चालवायच्या बोटी आहेत. बाहेर घोडे, मक्याची कणसे, भज्यांच्या गाड्या. महाबळेश्वरला दुसऱ्या कामाने किंवा देवदर्शनाने गेलाच असाल तर पोरांसाठी अर्धा तास खर्च करायला हरकत नाही. पण तेवढ्यासाठी साताऱ्याहून साठेक किलोमीटर घाट चढून जाऊ नये, असे माझे स्वच्छ मत आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत बोटीत बसण्यापेक्षा बोटीच्या रांगेत उभे राहण्यातच जास्त वेळ जातो. आपल्या विहिरीत कठड्यावरून उडी टाकणाऱ्या पोराला त्या तळ्यात गोल फिरण्याचे अप्रूप दहा मिनिटे टिकते.

शिवसागराची गोष्ट निराळी आहे.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या पठारावरून पुढे जायचे, आणि मग रस्ता खाली उतरत बामणोलीला पोचतो. अंतर पस्तीसेक किलोमीटरच आहे, पण वळणांमुळे दीड तास तरी धरावा. कासच्या पठाराचा २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि तेव्हापासून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांच्या दिवसांत तिथे माणसांचा पूर येतो. शनिवार-रविवार असेल तर त्या दिवसांत हा रस्ता सोडून द्या. फुले बघायची तर प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते आणि गाड्यांच्या रांगेतच दुपार होते. कासची फुले आणि बामणोलीची बोट ही दोन्ही एका दिवसात बसवणारे बरेच जण मी पाहिले आहेत. त्यांची फुले घाईत बघून होतात आणि बोट संध्याकाळच्या धास्तीत.

बामणोलीला उतरल्यावर पुढे पाणीच पाणी दिसते. सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा हा जलाशय डोंगरांच्या बेचक्यांतून वळत वळत दक्षिणेला हेळवाकजवळच्या धरणाच्या भिंतीपर्यंत गेलेला आहे. धरण १९६४ साली पूर्ण झाले. आज त्याची साठवणूक १०५.२५ टीएमसी धरतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आपल्या शेततळ्याशी तुलना करायला जाल तर शून्ये मोजताना बोटे पुरणार नाहीत.

आता हे पाणी जाते कुठे, ते बघा. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरला उगम पावतात. कृष्णा वाईच्या अंगाने पूर्वेला उतरते, कोयना सह्याद्रीच्या कुशीतून सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते, आणि कराडला प्रीतिसंगमावर दोघी समोरासमोर येऊन मिळतात. कोयनेच्या पाण्यातला मोठा वाटा बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात पोफळीकडे पडतो आणि त्यावर वीज होते. कृष्णा पाणी तंटा लवादाने या कामाला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. उरलेल्यातले पाणी पूर्वेला नदीत सोडले जाते. तेच पुढे टेंभू, ताकारी आणि म्हैसाळच्या पंपांनी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जत अशा सांगली जिल्ह्यातल्या कोरड्या तालुक्यांत नेले जाते. म्हणजे तासगावच्या द्राक्षबागेत आणि कडेगावच्या उसात उन्हाळ्यात जे पाणी येते, त्यातले बरेचसे बामणोलीच्या बोटीखालून गेलेले असते.

म्हणून मी म्हणतो, की सांगलीच्या शेतकऱ्याने ही बोट एकदा करावी. नुसते निळे पाणी बघायला नव्हे. आपले पाणी कुठून येते आणि त्यापायी कोणाचे काय गेले, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

काही वर्षांपूर्वी पलूस-कडेगाव भागातल्या शेतकऱ्यांची एक सहल घेऊन मी बामणोलीला गेलो होतो. बरोबर एक आजी होत्या, एका शेतकऱ्याच्या सासूबाई. धरणात गाव गेल्यावर लहानपणी आईबापांबरोबर घाटाखाली सांगली जिल्ह्यात येऊन वसलेल्या. एरवी आजी अशा सहलीला कशाला येतील, पण बामणोलीचे नाव ऐकून त्यांनी हट्ट धरला होता. बोट निघाली. पोरे ओरडत होती, बाया पाण्यात हात घालत होत्या. आजी गप्प बसून डोंगर बघत होत्या. एका जागी त्या म्हणाल्या, "थांबीव रे बाळा जरा." नावाड्याने काही न विचारता इंजिन बंद केले. आजी म्हणाल्या, "हितं खाली आमचं घर. घराच्या म्होरं मारुतीचं देऊळ आन् देवळापाशी चिंच." जावई म्हणाला, "आत्या, पाण्यात काय कळतंय?" आजी म्हणाल्या, "पाण्यात न्हाई कळत. डोंगर हालल्यात व्हय? त्या दोन डोंगरांच्या मधली खिंड न्हेमी आमच्या दारातनं दिसायची." मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला, पाण्याला लावून परत पिशवीत ठेवला. नावाडी चाळिशीचा गडी होता. तो म्हणाला, "आजी, आमचीबी खालची शेतं हितंच हायेत. आमी वर सरकलो, तुमी खाली गेला." त्या बोटीत सात-आठ उसाचे बागायतदार बसलेले होते. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. ठिबक सिंचनावर मी अनेक भाषणे दिली आहेत. पण परतीच्या गाडीत त्या दिवशी पाण्याबद्दल जेवढे बोलणे झाले, तेवढे माझ्या कुठल्याच भाषणानंतर झाले नव्हते.

कोयनेच्या खोऱ्यातल्या हजारो कुटुंबांनी गावे सोडली. कोणी सातारा-सांगलीत, कोणी सोलापुरात, कोणी ठाणे-रायगडकडे वसले. अनेकांचे जमिनीचे हिशेब पुढे साठ वर्षे पुरे झाले नाहीत. त्यासाठी मोर्चे आणि ठिय्ये झाले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. काठावर जे उरले त्यांनी घरे उतारावर नेली. वरची जमीन डोंगरउताराची, भात आणि नाचणीची, तीही रानडुकरे ठेवतील तेवढी. पलीकडे कांदाटी खोऱ्यातल्या गावांना बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी वर्षानुवर्षे लाँचेचाच आधार राहिला. पर्यटकांच्या बोटी चालवणारे बहुतेक गडी याच गावांतले. तुमचे भाड्याचे पैसे कुठल्या बड्या मालकाच्या खिशात न जाता बरेचसे तिथल्याच घरांत जातात. भाव करताना हे ध्यानात असू द्या. फार ताणू नका.

आता पैशाचे. इथे माणशी तिकीट नसते. बहुधा अख्खी बोट भाड्याने घ्यावी लागते, आणि कुठे जायचे त्यावर भाडे ठरते. दर धक्क्यावर फलकावर लिहिलेले असतात, आधी ते वाचावेत. भाडे बोटीचे असल्यामुळे चौघांच्या कुटुंबाला ते जड वाटते आणि आठ-दहा जणांना हलके. म्हणून एकट्याने जाऊ नका. भावकीतली दोन घरे मिळून जा, किंवा धक्क्यावर दुसरे कुटुंब थांबले असेल तर त्यांना विचारा. आपल्या लोकांना अनोळखी माणसाला असे विचारायला संकोच वाटतो. पण यात्रेला जीप ठरवताना विचारतोच ना? तसेच हे. आणि बोट किती वेळ फिरणार, मध्ये उतरू देणार का, हे पैसे देण्याआधी बोलून घ्यावे.

जवळची एक फेरी मारून परत, असा सर्वांत स्वस्त प्रकार असतो. तो घेऊ नये. वीस मिनिटांत काठ सुटतो न सुटतो तोच परत येतो आणि पैसे गेल्याची रुखरुख तेवढी राहते. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचे पाणी जिथे एकत्र होते त्या त्रिवेणी संगमापर्यंतची फेरी घ्यावी. डोंगर कसे उघडत जातात आणि खोरे केवढे होते, ते तिथे गेल्यावर कळते. तापोळ्याहूनही ती करता येते. महाबळेश्वरहून येणाऱ्यांना तापोळा सोयीचे, साताऱ्याहून येणाऱ्यांना बामणोली.

वासोट्याचे नाव पोरांच्या तोंडी असते. बामणोलीहून बोटीने तासा-दीड तासाने मेट इंदवलीला उतरायचे आणि मग घनदाट जंगलातून गड चढायचा. हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वन खात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतो, मुक्काम करता येत नाही आणि बरोबर नेलेले प्लॅस्टिक मोजून परत आणावे लागते. कॉलेजातल्या पोरांनी पहाटे निघून जरूर जावे. पण कोर्टाचे काम उरकून दुपारी, म्हाताऱ्या माणसांना आणि कडेवरच्या लेकराला घेऊन वासोटा करायचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तर घरातल्या शहाण्या माणसाने तो तिथेच मोडावा.

जायचे कधी? दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा जलाशय भरलेला असतो, हवा गार असते, आणि उसाच्या तोडीची पाळी यायची असेल तर तेवढी सवड निघते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी खूप खाली जाते, काठची तांबडी माती उघडी पडते आणि बोटीपर्यंत घसरत उतरावे लागते. त्या मातीच्या पट्ट्याकडे शेतकऱ्याचे लक्ष आपोआप जाते, कारण ती कुणाची तरी एकेकाळची शेते आहेत. पण म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना तो उतार झेपत नाही. पावसाळ्यात या पाण्यावर जायचेच नाही. वाराही बघावा. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारनंतर खवळते. म्हणून साताऱ्यात मुक्काम करून सकाळच्या गाडीने गेलेले बरे. आणि परतीच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ जातानाच वाहकाला विचारून ठेवावी. तिकडे गाड्या मोजक्याच असतात.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. जाकीट प्रत्येकाच्या अंगात, आणि पट्टे बांधलेले. मांडीवर ठेवलेले जाकीट पाण्यात काही कामाचे नाही. लहान मुलाला मोठ्याचे जाकीट घातले तर पाण्यात मूल खाली आणि जाकीट वर, असे होते. लहान मापाचे मागा, नसेल तर पोराला काठावर ठेवा आणि आळीपाळीने जा. आपल्यातले पट्टीचे पोहणारे जाकिटाला हसतात. विहिरीत चार हातांवर कठडा असतो. जलाशयात काठ दीड-दोन किलोमीटरवर राहतो, पाणी गार असते, खाली गाळ आणि बुडालेली झाडे असतात, आणि अंगात कपडे असतात. बायांनी पदर खोचून बसावे. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला उठून उभे राहायचे नाही. नावाड्याने सांगितले की आणखी दोघे चढले तरी चालतील, तर आपणच म्हणावे, "नको, आम्ही पुढच्या बोटीने येतो."

हे मी भीती घालायला सांगत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्या बोटीत सहलीला आलेली कुटुंबे होती. आणि आपल्या सांगली जिल्ह्याला तर मुंबईचे उदाहरण द्यायचीही गरज नाही. ८ ऑगस्ट २०१९ला कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात बाया होत्या, लेकरे होती. बोट तिच्या कुवतीपेक्षा जास्त भरली होती. ती सहल नव्हती, जीव वाचवायची धडपड होती, तिथे कोण कोणाला मागे ठेवणार? सहलीत मात्र मागे थांबणे आपल्या हातात असते.

सांगली शहराला जाणारे हाच प्रश्न विचारतात. पेठेत बी-बियाणे, मार्केट यार्डात बेदाणा किंवा हळद, सिव्हिलमध्ये नातेवाईक, आणि मग नदीवर बोट आहे का? सांगलीत बोट शोधत बसू नका, असे मी सांगतो. कृष्णा बघायची तर १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावर उभे राहावे. खांबावर पाण्याच्या उंचीच्या खुणा आहेत. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. उन्हाळ्यात तिथे उभे राहून मान वर करून ती खूण बघितली म्हणजे शहराचे काय झाले असेल, ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती असल्या तर काठावरून बघाव्यात. वल्ही मारणारे गावोगावचे तरणे गडी, आणि दोन्ही काठांवर जत्रेसारखी माणसे. बोटीत बसण्यापेक्षा ते बघणे शंभर पटींनी चांगले, आणि फुकट.

नदीत बसायचीच हौस असेल तर औदुंबरला दर्शनाला जाल तेव्हा नावेने पलीकडे भुवनेश्वरीला जाऊन यावे. पाच-दहा मिनिटांचे पाणी, देवाचे देवदर्शन, आणि पाणी शांत असताना म्हाताऱ्यांनाही जमण्यासारखे. पाण्याला ओढ असेल त्या दिवशी ते राहू द्यावे.

सांगलीत दोन तास मोकळे मिळाले तर ते हरिपूरला घालवावेत. शहराला लागूनच आहे, रिक्षा जाते. कृष्णा आणि वारणा तिथे मिळतात, काठावर संगमेश्वराचे जुने देऊळ आहे. आणि शेतकऱ्याने बघावे असे म्हणजे हळदीची पेवे. जमिनीत खोल खड्डा खणून, तोंड लहान आणि पोट मोठे ठेवून, त्यात हळद वर्षानुवर्षे साठवत. तिथली माती अशी, की आत ओल येत नाही आणि किडीचा त्रास होत नाही. २००५च्या पुरात पाणी शिरले आणि बरीच पेवे कायमची गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोपर्यंत हळद गोदामांत आणि शीतगृहांत गेली होती. तरी गावात जुन्या माणसाला विचारले तर तो पेवाची जागा दाखवतो, आणि आत उतरण्यापूर्वी कंदील सोडून हवा कशी तपासत, तेही सांगतो. दुपारी तीननंतर गेलात तर पारावर ही माणसे भेटतात.